तालेज्जो चीज: खरेदी, साठवण आणि वापर

तालेज्जोच्या उग्र वासामुळे ते नासले आहे असे समजून अनेक जण पुडा परत ठेवतात. हा वास सालीचा असतो. आतला गर मात्र सौम्य, लोण्यासारखा आणि किंचित आंबूस लागतो. इटलीच्या लोम्बार्डी प्रांतातील बेर्गामो जिल्ह्यात तालेज्जो नावाचे खोरे आहे, त्यावरूनच या चीजला नाव मिळाले. गाईच्या दुधाचे, साधारण 18 ते 20 सेंटीमीटर बाजू असलेले आणि दोन किलोच्या आसपास वजनाचे हे चौकोनी चीज थंड, दमट जागी किमान 35 दिवस मुरवतात. त्या काळात त्याची साल वरचेवर मिठाच्या पाण्याने पुसली जाते. त्यामुळे नको ती बुरशी आटोक्यात राहते आणि सालीवर वाढणारे जिवाणू चीज बाहेरून आत मुरवत नेतात.

पुण्यात कॅम्प किंवा कोरेगाव पार्क भागातील आयात मालाच्या दुकानांत चौकशी करावी आणि वेष्टनावर युरोपीय संघाचे लाल-पिवळे गोल चिन्ह पाहावे, कारण 1996 पासून हे नाव संरक्षित आहे. कापलेला तुकडा कडेने नीट निरखावा. सालीलगतचा पट्टा मऊ व पिवळसर आणि मधला भाग थोडा पांढरा, भुसभुशीत असेल तर चीज अजून कोवळे आहे; सगळा गर एकसारखा मऊ झाला असेल तर ते लगेच खाण्याजोगे आहे. साल चिकट असणे स्वाभाविक आहे, परंतु नाकात झोंबणारा अमोनियाचा दर्प येत असेल तर ते घेऊ नये. शाकाहारी वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की अस्सल तालेज्जोसाठी दूध विरजताना वासराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारे विकर) वापरतात. गरोदर स्त्रियांनी लिस्टेरिया या घातक जिवाणूच्या धोक्यामुळे ते न शिजवता खाऊ नये.

घरी आणताना, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, बर्फाची पिशवी सोबत ठेवावी. प्लास्टिकच्या घट्ट आवरणात चीज घुसमटते आणि कडवटपणा येतो, म्हणून ते बटर पेपरमध्ये गुंडाळून, सैल झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे. कागद ओला झाला की बदलावा. एकदा कापल्यावर आठवडाभरात संपवणे उत्तम. म्हणून मी तरी एका वेळी दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त घेण्याचा सल्ला देणार नाही.

खाण्यापूर्वी अर्धा तास, उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटे, ते बाहेर काढून ठेवावे, कारण थंडगार असताना त्याची चव दबून जाते. साल खाता येते. ज्यांना ती करकरीत लागते त्यांनी खरवडून काढावी. सोबत पेअरच्या फोडी द्याव्यात.

या चीजचे खरे सामर्थ्य वितळण्यात आहे आणि लोम्बार्डीत ते रिसोत्तोत, म्हणजे इटालियन पद्धतीच्या मऊसर भातात, घालतात. त्यासाठी लागणारा आखूड, स्टार्च सोडणारा तांदूळ हाताशी नसेल तर मावळातला इंद्रायणी घ्यावा. तो न भिजवता लोण्यावर कांद्यासोबत परतावा आणि भाज्या उकळून गाळलेले गरम पाणी थोडेथोडे घालत, ढवळत शिजवावा. इंद्रायणी लवकर मऊ पडतो, त्यामुळे दाण्याच्या मध्याशी किंचित कणी राहिली असतानाच गॅस बंद करावा आणि एका वाटी तांदळाला 80 ग्रॅम, साल काढलेल्या तालेज्जोच्या फोडी घालाव्यात. चीज आचेवर उकळू दिल्यास तूप सुटते आणि गराच्या तारा होतात. भांडे दोन मिनिटे झाकून, एकदा जोरात ढवळून लगेच वाढावे. मीठ मात्र चव घेतल्यावरच घालावे, कारण चीज मुळातच खारट असते.