परसातला सुबाभळीचा बुडखा काढताना

झाड तोडणाऱ्याला आधीच बजावा: जमिनीलगत कापू नको, कमरेएवढा बुंधा ठेव. शेवटी जोर लावायला तोच लागतो. आमच्या खानापुरातली तांबडी माती उन्हात दगड होते, म्हणून गणपती झाले, पाऊस ओसरला की मी कुदळ हातात घेते. बुंध्याभोवती हातभर अंतरावर दीड-दोन फूट चर खणा. उघडी पडलेली मुळं पाण्यानं धुवा. माती चिकटलेल्या मुळावर घाव घातला की कुऱ्हाडीची धार गेलीच. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढा, पहारीला जागा होते. मग बुंधा चारी बाजूंनी हलवा. हलतो पण निघत नाही? खाली सोटमूळ आहे, तेही तोडा. बूड राहिलं तर पुन्हा फुटतं. माझ्या अळवाच्या वाफ्यात दोनदा फुटलं.