ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

लॅपटॉप चालू करताना कंपनीचा लोगो नीट दिसतो आणि विंडोज आलं की काळोख, असं असेल तर डिस्प्ले गेलेला नाहीये, दुकानवाला काहीही म्हणू दे. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ड्रायव्हर रीस्टार्ट होतो, कधी कधी एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर सेफ मोड, म्हणजे कमीत कमी ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. विंडोज लोड व्हायला लागलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा, मग रिकव्हरी स्क्रीन येते. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग 4 दाबा. मध्येच बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) 48 आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका, बहुतेक वेळा फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते. 'रिसेट धिस पीसी'ला मात्र हात लावायचा नाही.

आता खरी मेख, मीही इथेच खूप डोकं आपटलंय. एनव्हिडियावाल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप दोन असतात आणि स्क्रीन सहसा प्रोसेसरमधल्या इंटेल किंवा एएमडीवर चालते, एनव्हिडिया त्या इंटेल-एएमडीच्याच मार्फत चित्र पाठवतं. आणि लोक काय करतात, तर एनव्हिडियाच काढतात-टाकतात, काढतात-टाकतात, बिघाड दुसरीकडेच. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स उघडा, जो ड्रायव्हर आत्ता टाकला त्याचं रोल बॅक (आधीचा ड्रायव्हर परत आणणारं) बटण चालत असेल तर ते दाबा. बटण फिकट असेल तर दोन्ही अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर काढून टाकायच्या चौकटीत टिक करूनच, नाहीतर विंडोज तोच परत लावतं.

आणि रीस्टार्टच्या आधी घरातला राउटर बंद करा, हॉटस्पॉटपण. हे कुणी सांगत नाही आणि इथेच सगळं पाण्यात जातं, कारण नेट मिळालं की विंडोज अपडेट गुपचूप ड्रायव्हर उतरवून घेतं, कधी कधी तोच बिघडलेला.

स्क्रीन परत येईल, जरा ढोबळ दिसेल, ब्राइटनेस कमी-जास्त होणार नाही, चालतंय. दुसऱ्या मशीनवर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचे ड्रायव्हर घ्या, पेन ड्राइव्हने आणा. आधी इंटेल किंवा एएमडीचा, रीस्टार्ट, मगच एनव्हिडियाचा. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं अजिबात नकोत.

दोन्ही नीट चालले की रिस्टोर पॉइंट (पुढे बिघडलं तर विंडोज परत याच स्थितीत आणायची खूण) करून ठेवा आणि मग राउटर लावा.