खांब आणूनही मांजर सोफाच ओरबाडत होती, शेवटी असं सुटलं

आमची मनी सोफ्याचा उजवा कोपराच धरून बसली होती, रोज झोपेतून उठली की पुढचे पाय ताणून खर्र खर्र, आतला फोम दिसायला लागला. घरात नखं घासायचा खांब होता पण तिकडे ढुंकूनही बघायची नाही. ओरडून झालं, पाणी उडवून झालं, तर मी खोलीत नसताना ओरबाडायला लागली. दोन महिने नुसता वैताग.

मग नीट बघितलं तर खांब जेमतेम दीड फुटाचा, डुगडुगणारा, त्यात ठेवलेला बाल्कनीत. मांजर नखांवरचं जुनं आवरण काढायला, अंग ताणायला ओरबाडतं, शिवाय पंज्यांचा वास तिथे सोडतं, म्हणजे जागा वावरातलीच हवी.

आधी ३ फुटी, जड बुडाचा, सिसलचा (घायपाताच्या धाग्यांचा खरखरीत) दोर गुंडाळलेला खांब आणला आणि सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला चिकटून उभा केला. मग त्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, पंज्याला चिकट लागलेलं मांजरांना आवडत नाही. ती उठली की दोरावर पिसाची काडी फिरवायची, नखं रुतली की लगेच खाऊ. तिचे पंजे धरून घासू मात्र नका, जुन्या खांबावर मी तेच केलं होतं आणि ती अजूनच लांब पळाली.

चौथ्या दिवशी स्वतःहून गेली. टेप महिनाभर ठेवली, मग खांब रोज २-३ इंच सरकवत खिडकीपाशी नेला. दोराचे आता झुपके निघालेत पण बदलत नाहीये, तिला तसाच आवडतो.