पेटीतले बाळ आणि घरची माणसे

गर्भाचे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. आमची मुलगी ३१व्या आठवड्यात जन्मली, १४०० ग्रॅमची, आणि इंदूरच्या एका दवाखान्यात २७ दिवस राहिली. श्वासाचे यंत्र, सलाईन आणि औषधे डॉक्टरांच्या हाती असतात. परंतु दूध, ऊब आणि स्वच्छ हात यांची जबाबदारी बरीचशी घरच्यांवर असते. हे आम्हांला चार-पाच दिवस उलटल्यावर उमगले, म्हणून हे लिहिले आहे.

बाळ दूध ओढू शकत नसले, तरी आईने प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करावी. दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा काढावे आणि त्यांतली एक वेळ रात्रीची असावी, कारण मध्ये मोठा खंड पडला की दूध आटू लागते. पहिल्या दिवशी चिकाचे दोन-चार थेंबच निघतात. 'एवढ्याने काय होणार' म्हणून ते टाकू नयेत, सिरिंजमध्ये जपून नर्सच्या हाती द्यावेत. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर दूध नळीने पोटात जाते, आणि पुढे चमच्याने किंवा पलाडीने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजतात. ती पलाडी पाहून माझी आई म्हणाली, "अरे, हे तर आपले बोंडलेच की!" घरून दूध नेत असाल तर बाटलीवर आईचे नाव, तारीख व वेळ लिहावी आणि ती बर्फाच्या डब्यातून न्यावी, इंदूरच्या मे महिन्यात तर याला पर्यायच नाही.

त्यानंतर कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून अंगाची ऊब देणे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या (इनक्युबेटर) अपुऱ्या पडत, त्या अडचणीतून ही पद्धत निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये अशी शिफारस केली की, ती जन्मानंतर होईल तितक्या लवकर सुरू करावी आणि दिवसाकाठी ८ ते २४ तास द्यावी. मात्र सुरुवात कधी करायची हे बाळाची प्रकृती पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. बाळाला केवळ लंगोट, टोपी व मोजे घालून उघड्या छातीवर उभे ठेवावे. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि हनुवटी किंचित वर असावी, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. वरून मऊ कापडाने बांधावे; आम्ही आईचे जुने, धुवट लुगडे फाडून वापरले. एका बैठकीत निदान एक तास तरी द्यावा, कारण सारखी उचल-ठेव बाळाला सोसत नाही. बाळंतीण थकली असेल तेव्हा वडिलांनी किंवा आजीने बसावे. मी रोज संध्याकाळी बसत असे. यंत्राची घंटी वाजली की आधी पडद्यावरच्या आकड्यांकडे न पाहता बाळाची छाती हलते का आणि ओठांचा रंग कसा आहे हे पाहावे, आणि शंका आली तर लगेच नर्सला हाक मारावी. आमच्या बाळाचा श्वास थांबे, तेव्हा तळव्याला हलकीशी टिचकी पुरेशी होई.

डॉक्टरांशी घरातल्या एकानेच बोलावे आणि वजन, दुधाचे मिली, ऑक्सिजन व आदल्या रात्री श्वास कितीदा थांबला, एवढे रोज वहीत टिपावे. पहिल्या आठवड्यात वजन उतरते, त्याने धास्तावू नये.

डोळ्यांच्या तपासणीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि फारच लहान बाळांची त्याहूनही आधी. आम्हांला मिळालेली तारीख घरी आल्यानंतरची होती आणि नेमका त्याच दिवशी बारशाचा बेत ठरला होता. आम्ही बारसे पुढे ढकलले.

घरी आल्यावर मध, बाळगुटी आणि धुरी यांना ठाम नकार द्यावा, मग आजी रुसली तरी चालेल. पोट गरम आणि पाय गार लागले तर लगेच छातीशी घ्यावे. दूध पिणे सोडले, अंग सैल पडले, श्वास मिनिटाला ६०हून अधिक झाला किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. लशी जन्मतारखेनुसार द्याव्यात, मात्र मान धरणे, पालथे पडणे यांचा हिशेब प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून करावा. आमची मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा या हिशेबाने ती जेमतेम चार महिन्यांची होती.