तुरुंगाची पाहणी: काठीच्या आधी बादली मोजा

'मारहाण होते का?' असं विचारत आत शिरणाऱ्या पाहणी पथकाला बहुतेक वेळा 'नाही' एवढंच ऐकू येतं, आणि पाहणी तिथेच संपते. कैद्यांचे बरेचसे हाल न दिलेल्या गोष्टींमुळे होतात. पाणी कमी, झोपायला जागा नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा. या गोष्टी का मिळाल्या नाहीत हे शोधत गेलं की माग तुरुंगाबाहेर जातो. 'त्यांना एवढं तरी कशाला?' हे लोकांच्या तोंडचं वाक्य अंदाजपत्रकात उतरतं, मग शिध्यात, मग रात्रपाळीच्या तक्त्यात. पाहणी करताना हाच रस्ता उलट्या दिशेने चालायचा असतो.

आत जाण्याआधी

गेल्या दोन वर्षांत कैद्यांकडून काय काय काढून घेतलं गेलं याची यादी करा: पंखे, गाद्या, टीव्ही, भेटीच्या वेळा, पुस्तकं. प्रत्येक नोंदीपुढे आदेशाची तारीख, आदेश काढणाऱ्याचा हुद्दा आणि त्याआधीच्या पंधरवड्यात बाहेर काय घडलं ते लिहा. आदेशात 'सुरक्षेच्या कारणास्तव' असं म्हटलं असेल, तर सुरक्षेची ती घटना तुरुंगाच्या नोंदवहीत सापडायला हवी. ती सापडत नसेल आणि त्याच आठवड्यात 'कैद्यांची चैन' दाखवणारा व्हिडिओ फिरला असेल, तर आदेशाचं मूळ सापडलं म्हणायचं.

'तुरुंग म्हणजे काय हॉटेल आहे का?' हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांसाठीचा कायदा बदलला, तेव्हा त्यामागचं तत्त्व असं होतं की सरकारी आश्रयावर जगणाऱ्याचे दिवस बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईटच असले पाहिजेत. हाच हिशेब पुढे तुरुंगांनाही लागला. त्यातली गोम अशी, की बाहेरच्या गरिबाचे दिवस जसे घसरतात तसा आतला तळही खाली सरकतो, आणि तो कुठे थांबावा हे कोणीच ठरवत नाही.

लोकमत मोजायचं असेल तर एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारा. 'शिक्षा फार सौम्य असतात का?' असं मोघम विचारलं की लोक सरसकट 'हो' म्हणतात. त्याच लोकांना एक ठरावीक प्रकरण द्या (वय, गुन्हा, परिस्थिती, निकाल), उत्तरं बरीच मवाळ होतात. राजकारणी मात्र पहिलं उत्तर घेऊनच धोरण आखतात.

टेप, घड्याळ, तराजू

बराकीची लांबी-रुंदी मोजा, शौचालयाची जागा वजा करा आणि काल रात्री तिथे प्रत्यक्ष झोपलेल्या माणसांच्या संख्येने भागा. 'मंजूर क्षमता' या आकड्यावर विसंबू नका. भिंत न हलवता तो कागदावर वाढवता येतो. समजा खोली ९ बाय ६ मीटर, म्हणजे ५४ चौरस मीटर. शौचालयाचे ४ गेले, उरले ५०. माणसं २२. म्हणजे प्रत्येकी जेमतेम २.३ चौरस मीटर. युरोपच्या छळप्रतिबंधक समितीचा किमान दंडक सामायिक कोठडीत माणशी ४ आहे, आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसची शिफारस ३.४. ३ च्या खाली गेलं की युरोपीय मानवी हक्क न्यायालय हक्कभंग झाल्याचं गृहीत धरूनच सरकारला जाब विचारतं. २०१६ च्या एका निकालात न्यायालयाने हे स्पष्ट केलं. आकड्याशेजारी दिवसातले किती तास बराक बंद असते तेही लिहा. दिवसभर बाहेर असलेल्या माणसाचे २.३ चौरस मीटर आणि २० तास कोंडलेल्याचे २.३ चौरस मीटर सारखे नसतात.

जेवणाचं वजन करताना हमखास एक चूक होते: रांगेतलं पहिलं ताट उचललं जातं. शेवटची पाच ताटं घ्या. मग कोठाराच्या वहीतून त्या दिवशी निघालेला शिधा त्या दिवशीच्या कैद्यांच्या संख्येने भागा. कच्चं धान्य शिजल्यावर वजनाला वाढतं, हे धरून दोन आकडे ताडून पाहा. फरक मोठा असेल तर चोरी आत होते आहे. दोन्ही आकडे जुळूनही ताट अपुरं असेल, तर कमतरता मंजुरीतच आहे आणि तिची सही वर कुठेतरी झालेली आहे.

नळाला पाणी किती तास येतं, एका शौचालयामागे माणसं किती, हे मोजायला दहा मिनिटं पुरतात.

नाव बदललेली एकांतकोठडी

कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांना २०१५ मध्ये नवं रूप मिळालं. एकूण १२२ असलेल्या या नियमांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात. त्यांतला ४४ वा नियम सांगतो की दिवसाला २२ तास किंवा अधिक, माणसांशी धड संपर्क नसताना कोंडणं म्हणजे एकांतवास. सलग १५ दिवसांपुढे गेला तर तो प्रदीर्घ. प्रदीर्घ एकांतवासाला ४३ व्या नियमाने बंदी आहे. म्हणून तुरुंगात 'एकांत' हा शब्दच टाळतात. 'विशेष देखरेख', 'सुरक्षा कक्ष' अशा पाट्या असतात. पाटी सोडा, तास मोजा. १५ व्या दिवशी एका रात्रीपुरतं बाहेर काढून १६ व्या दिवशी पुन्हा आत घातल्याच्या नोंदी शोधा. तारखा ओळीने मांडल्या की ही युक्ती उघडी पडते. शिक्षेच्या कागदावर डॉक्टरची 'शिक्षेस योग्य' अशी सही असेल तर ती वेगळी नोंदवा. शिस्तभंगाच्या शिक्षेत डॉक्टरने भाग घेऊ नये, असं ४६ वा नियम सांगतो.

बोलणं

एकट्यादुकट्याला बाजूला घेतलंत तर तुम्ही गेल्यावर त्याचं काय होईल याचा विचार करा. बराकीतल्या सगळ्यांशी सारखाच वेळ बोला, म्हणजे कोण काय बोललं हे ओळखता येत नाही. नावं आणि जबाब एका कागदावर ठेवू नका. अधिकाऱ्यांनी पुढे केलेल्या 'प्रतिनिधी' कैद्याचंही ऐका, पण तो इतरांवर हुकूम चालवतो का ते पाहा. कैद्याला शिस्तीचं काम देऊ नये असं मंडेला नियमांतला ४० वा नियम म्हणतो. जिथे शिपाई कमी तिथे हा नियम सर्रास मोडला जातो.

'तुला मारलं का?' याऐवजी 'इथे सगळ्यात जास्त त्रास कोणाला होतो?' असं विचारा. बाहेर ज्यांना किंमत नाही, त्यांचीच नावं पुढे येतात. संडास कोण साफ करतं, हे त्याच उत्तराशेजारी लिहा. जखमांच्या वहीत 'घसरून पडला' ही नोंद एकाच अक्षरात, एकाच पाळीत पुन्हा पुन्हा आली असेल तर रुग्णालयाच्या कागदांवरची वेळ आणि जखमेची जागा ताडून पाहा.

दोष कुठे लिहायचा

अहवालात 'क्रूर शिपाई' लिहिणं सोपं असतं. त्यासाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेल्या १९७१ च्या प्रयोगाचा दाखलाही देतात: गणवेश मिळाला की माणूस क्रूर होतो. तो दाखला टाळा. तिथल्या पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या. २००२ मध्ये बीबीसीने दाखवलेल्या तशाच प्रयोगात पहारेकरी आपल्या भूमिकेत रमलेच नाहीत आणि कैद्यांनी त्यांची सत्ता उलथवली. म्हणून शिपायाला काय करायला सांगितलं होतं, काय केलं तर चालून जातं आणि तक्रार करणाऱ्या शिपायाची बदली कुठे झाली, हे विचारा.

जॉन हॉवर्ड १७७३ मध्ये इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला, म्हणजे तिथला तुरुंग त्याच्या देखरेखीखाली आला. निर्दोष सुटलेली माणसं तुरुंगातच अडकलेली त्याला दिसली, कारण जेलरची फी भरायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. जेलरला पगार नव्हता; फी हीच त्याची कमाई. हॉवर्डने जेलरला शिव्या घालण्याऐवजी पगाराची मागणी केली आणि इतर परगण्यांतल्या तुरुंगांत जाऊन तिथेही हीच रीत असल्याचे पुरावे गोळा केले. १७७४ मध्ये सुटलेल्यांकडून फी घेणं कायद्याने बंद झालं.

अहवालातलं प्रत्येक निरीक्षण तसंच लिहा: आकडा, तो ज्या निर्णयामुळे आला तो निर्णय, आणि निर्णयासाठी दिलेलं कारण त्याच शब्दांत. 'अमानुष' हे विशेषण खोडा, २.३ चौरस मीटर राहू द्या. एखाद्या भयंकर गुन्ह्याच्या आठवड्यात अहवाल बाहेर काढू नका. अंदाजपत्रकाच्या आधी काढा. आणि दीड-दोन महिन्यांत, न कळवता, त्याच बराकीत परत जा. ज्यांच्याशी बोललात ते सगळे अजून तिथेच आहेत का, हे सर्वांत आधी पाहा.