कौलारू घराला खोली वाढवताना आधी छप्पर ठरवा

मागच्या बाजूला एक खोली काढायची म्हटली की आपण लांबी-रुंदीपासून सुरुवात करतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो. इथे पहिला हिशेब छपराचा करायचा.

मंगळुरी कौलांना दर २ फुटांमागे निदान १ फूट उतार हवाच. समजा, जुनी वळचण ८ फुटांवर आहे. तोच उतार पुढे ओढून १० फुटांची खोली काढली, तर छप्पर ५ फूट खाली येतं आणि शेवटच्या भिंतीला उंची उरते फक्त ३ फूट. मग गवंडी उतार कमी करतो आणि जुलैच्या वाऱ्यात पाणी कौलांखालून उलटं चढून आत येतं. ४ फुटांची पडवी मात्र अशी सहज निघते.

खोलीच हवी असेल तर तिला स्वतंत्र दुपाखी छप्पर द्या. दोन छपरं चिकटवून मध्ये पन्हळ ठेवू नका; पाला साचला की ती तुंबते आणि पाणी थेट भिंतीत उतरतं. जुन्या आणि नव्या भिंतीच्या मध्ये ५ फूट अंतर मोकळं सोडा आणि ये-जा करायला दोन्ही वळचणींखालून, ७ फुटांवर, छोटी स्लॅब घाला. स्लॅबचा उतार बाहेरच्या बाजूला असू द्या.

ही स्लॅब जुन्या भिंतीत खोचू नका, नव्या खांबांवर उभी करा. चिरे-मातीची जुनी भिंत केव्हाच बसलेली असते, नवा पाया पहिल्या पावसाळ्यांत बसतो. दोन्ही जखडले की सांध्यावर तडा ठरलेला. १ इंच फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरा.

आराखडा पक्का करण्यापूर्वी जागेवर खुंट्या ठोकून सुतळी बांधा. आत ६ × ६॥ फुटांचा पलंग चुन्याने आखा, भोवती २ फूट वाट उरते का ते चालून पाहा. हे भर पावसात केलंत तर पाणी कुठून वाहतं तेही दिसतं. जोतं त्या पाण्याच्या रेषेच्या वर घ्या.

कागदांत एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा, आधी काढा. त्यावरच्या सगळ्या सहमालकांची संमती लागते. इथल्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक, म्हणून दोघांच्याही सह्या घ्या. नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि पंचायतीचा बांधकाम परवाना हातात येईपर्यंत चिरे उतरवू नका. नदीकाठी सीआरझेडही, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावरचे निर्बंधही, तपासा.

नवं संडास काढत असाल तर शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर दूर ठेवा, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनसुद्धा.