पक्षाचा अध्यक्ष बिनविरोध झाला की नेमकं काय बघायचं

बिनविरोध निवडीची बातमी आली की आपण "आधीच ठरलेलं होतं" म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो. ठरलेलं असतंच हो, पण ते कुठे ठरलं हे शोधता येतं.

आधी सह्यांची अट शोधून काढा, खरी मेख तिथेच असते. ब्रिटनच्या लेबर पार्टीत 2007 ला उभं राहायला 45 खासदारांच्या सह्या लागत होत्या. गॉर्डन ब्राऊनकडे 313 जमल्या, जॉन मॅकडॉनल 29 वर अडकले, आणि उरलेले सगळे खासदार धरून आणले असते तरी त्यांचे 45 भरत नव्हते, म्हणजे नेतेपदासाठी साध्या सभासदाला मत द्यायची वेळच आली नाही.

मग वेळापत्रक बघा, त्यातही मतदानाची नाही तर माघारीची तारीख. काँग्रेसचं 2017 चं मतदान 16 डिसेंबरला होतं, पण 11 डिसेंबरला माघारीची मुदत संपली आणि राहुल गांधी अध्यक्ष झाले. अर्ज किती? 89, सगळे त्यांच्याच नावाचे! आता एखादा छाननीत उडाला तर दुसरा असावा म्हणून चार-पाच समजू शकतो, बाकीचे मला वाटतं आपलं नाव सूचक म्हणून कागदावर लागावं यासाठीच. छाननीत अर्ज उडतात हे मात्र खरं, 2022 ला 20 पैकी 4 सह्यांच्या घोळात बाद झाले, के. एन. त्रिपाठी तिथेच गळाले आणि खर्गे-थरूर लढत झाली.

तिसरं म्हणजे माघार किती वाजता आली. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात 24 ऑक्टोबर 2022 ला अर्जासाठी दुपारी दोनची मुदत होती, 100 खासदारांचा पाठिंबा हवा होता, पेनी मॉर्डंट यांनी दोनला काही मिनिटं असताना माघार घेतली आणि ऋषी सुनक मतदानाशिवाय नेते.

आपल्याकडे हे जरा घरगुती असतं. आमच्या तालुक्यात एका पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत मी स्वतः बघितलंय, अर्ज भरतानाच इच्छुकाकडून माघारीच्या कागदावरही सही घेतली, तारीख कोरी, आणि तो कागद जिल्ह्याहून आलेल्या साहेबांच्या खिशात. त्यामुळे असा कागद कधी हाती लागला तर सही आणि तारीख एकाच पेनाची आहे का ते आधी बघा.